दयाळाला हाक

दि. २ मार्च
शाळेचं ग्रंथालय, खिडकीजवळचं टेबल

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुला शाळेच्या मागच्या पायऱ्या आठवतात का? आपण दोघी तिथे बाबांची वाट बघत बसायचो आणि बाबा कायम उशिरा. तेवढ्या वेळात तू माझ्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधायचीस, कारण घरी पोचल्यावर ती सुटलेली दिसली की आई मला नाही, तुला बोलायची. गाठ इतकी घट्ट मारायचीस की माझ्या भुवया वर चढायच्या. अशाच एका संध्याकाळी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर भांडं पुसत दारात आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि चक्क शीळ घातली. मुलींनी शीळ घातली की देवदूत रडतात, असं त्यांनीच आदल्या आठवड्यात सांगितलं होतं! कौलावरून एका पाखराने तीच शीळ परत दिली. मग त्यांना आपण दिसलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोघींना एकेक बिस्कीट दिलं, म्हणजे लाचच. तेवढ्यात बाबा आले आणि आपण घरी गेलो. एवढंच. पण गेले आठ दिवस मला तेच आठवतंय.

तुझ्या मागच्या पत्रात चार ओळी होत्या, त्यातली एक हवामानाची. टेलिफोन ऑफिसात उभा जन्म काढलेल्या बाईने पत्रातही तीन मिनिटं झाली की लाइन तोडावी, हे बरं नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडून असतात, एवढंच तू लिहिलंस. ते वाचून मला तुमचं मागचं अंगण आठवलं. भाऊजी रेडिओच्या दुकानातून जेवायला घरी आले की आधी अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि तू ताट घेऊन ओरडायचीस की पाखरं काय वाढणार आहेत का तुम्हाला. आता पलीकडच्या घराने गाडी ठेवायला म्हणून दोन्ही झाडं काढली आणि तुमच्याकडे कावळासुद्धा सवड काढूनच येतो, हे तूच मागे लिहिलं होतंस.

तर मी एक उद्योग केला आहे. ग्रंथालयात मुलांसाठी पक्ष्यांच्या आवाजांची एक जुनी तबकडी होती. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा मी इथे फाटकी पुस्तकं चिकटवायला येते, तेव्हा ती हाती लागली. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी त्यातलं दयाळाचं गाणं एका छोट्या स्पीकरमध्ये भरून दिलं. बटण दाबलं की ते वाजतं, संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं आहे. तारेवर अडकव. सिस्टरांना शिळेवर पाखरू बोलावता आलं, तर आपल्याला यंत्रावर यायला काय हरकत आहे? पाखरू आलं तर भाऊजी कदाचित कूस बदलतील.

माझ्याकडची रस्त्याकडची खोली रिकामी आहे, हे मी दर पत्रात लिहिते. याही पत्रात लिहिलं असं समज.

लोभ आहेच. तो चार ओळींपेक्षा लांब असू दे, ही विनंती.

तुझी,
बेबी


दि. १३ मार्च
स्वयंपाकघर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. तू त्याला इतका चिकटपट्टीचा बंदोबस्त केला होतास की आत पाखरू जिवंत असतं तर गुदमरलं असतं. सवय तुझी, दिसेल ते चिकटवायचं.

आता चारपेक्षा जास्त ओळी लिहिते. सकाळी नर्सबाई तासभर येते, ह्यांना आंघोळ घालते, कूस बदलते आणि जाते. तिला अजून चार घरं आहेत. पुढचं सगळं मी. घास भरवायचा, तोंड पुसायचं, दर दोन तासांनी पाठ वळवायची. मी खिडकीकडे वळवते, हे मान भिंतीकडे फिरवतात. उजवा हात गेला आहे पण डावा चांगला आहे. डॉक्टर म्हणतात की डाव्या हाताने जेवता येईल, बोलताही येईल, पण माणसाच्या मनात हवं. मनात काय आहे ते भिंतीला माहीत.

तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. झटका आल्यावर पहिले दोन महिने हे बोलत होते. शब्द बरोबर यायचे, फक्त तो, ती, ते यांची सगळी उलथापालथ झाली होती. चहा आली. नर्स गेला. चष्मा कुठे ठेवली. डॉक्टर म्हणाले की असं होतं, मेंदूतला तेवढाच एक खण विस्कटतो. मग एक दिवस बोलणंच थांबलं. त्याला आता साडेचार महिने होतील.

बहिणीला फोन का करत नाही, असं नर्सबाईने परवा विचारलं. तिला सांगितलं की तीस वर्षं लोकांची भांडणं आणि मयताचे निरोप या डाव्या कानातून गेले आणि तो कान झिजला. उजवा त्याच्या दुःखाने झिजला. बेबीचं बोलणं मला कागदावरच नीट ऐकू येतं.

उद्या ते यंत्र कपड्यांच्या तारेवर लावते. अंगणात आता लिंबाचं एक झुडूप आणि धुण्याचा दगड उरला आहे. इतक्या भांडवलावर कुठला दयाळ येणार आहे, पण तुझं मन मोडत नाही.

खोलीचं वाचलं. पुढे लिहू नकोस असं म्हणत नाही.

जीव लावतेस तो तसाच लावत जा. माझ्याकडून परतफेड उशिरा होते, बुडत नाही.

तुझी,
ताई


दि. २४ मार्च
मागची खोली

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

आला! काळा कोट, पांढरा शर्ट, शेपटी वर, अगदी शाळा तपासायला आलेला अधिकारी. सहा दिवस मी यंत्र लावून मूर्खासारखी दाराशी उभी होते. पहिल्या दिवशी मला काही ऐकूच येईना, म्हणून आवाज वाढवत नेला. सातव्या सकाळी तो झुडपावर येऊन बसला, मान वाकडी करून ऐकलं आणि उत्तर दिलं. असं दिलं, की माझ्या झिजलेल्या कानातही ते शिरलं.

मी मागे वळून बघितलं, तर ह्यांनी मान खिडकीकडे केली होती.

बेबी, मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसले. कपडे तसेच भिजत पडले.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून वळले. काल डाव्या हाताने चमचा उचलला. अर्धं सांडलं, अर्धं तोंडात गेलं. मी पुढे झाले तर चमचा माझ्यापासून लांब धरला, लहान मूल धरतं तसा. बोलणं अजून नाही. पण डोळे त्या झुडपावर. यंत्रातल्या गाण्यात मध्येच लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकतं, ते तुझ्या लक्षात आलंय का? ते आलं की ह्यांच्या ओठाचा कोपरा हलतो. हसतात असं मी धरून चालले आहे.

तुझ्या चिकटपट्टीला सात खून माफ.

माया आहे, ती आज जरा जास्त उतू जाते आहे. वाया घालवू नकोस.

तुझी,
ताई


दि. १ एप्रिल
घरी, गॅलरीत

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ग्रंथालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. कॉम्प्युटरच्या बाई रडल्या, शिपाईमामा म्हणाले की आज एक तारीख आहे, ताईंनी एप्रिल फूल तर केलं नाही ना. मी त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीने आयुष्यात एकदाच थट्टा केली होती आणि नंतर चर्चमध्ये पापनिवेदनाला जाऊन आली होती.

भाऊजींनी चमचा लांब धरला, हे वाक्य मी किती वेळा वाचलं म्हणून सांगू. दुकानात तार जोडताना कोणी मध्ये हात घातला की ते असेच करायचे.

एक विचारते. यंत्र किती वेळ लावतेस आणि किती मोठ्याने? तू आवाज वाढवत नेलास असं लिहिलंस. तुझ्या कानाला बरं वाटेल इतका आवाज म्हणजे गल्लीला किती, हा आपला एक साधा प्रश्न. आपल्या लग्नकार्यांत तू कानात सांगितलेली गुपितं तिसऱ्या रांगेपर्यंत जायची.

मी दयाळाबद्दल पुस्तक शोधते आहे. त्याचं खाणंपिणं काय, ते कळवीन.

तुझ्या मायेचा ओघ असाच राहो, आणि त्यात स्वतःसाठीही एखादा पेला भरून ठेव.

तुझी,
बेबी


दि. १२ एप्रिल
मागची खोली

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र सकाळी सहाला लावते, संध्याकाळी सहाला काढते. मध्ये दोनदा बॅटऱ्या बदलते. आवाज पूर्ण वर. शेजारच्या शिवणवालीने परवा कुंपणावरून विचारलं, की काकू, तुमचा पक्षी सरकारी नोकरीत आहे की खासगी. सरकारी नसणार, कारण मध्ये चहालासुद्धा उठत नाही. मी म्हटलं की तुझ्या मशीनची खडखड मी वीस वर्षं ऐकली, तू माझा एक दयाळ ऐक. तर म्हणते, माझं मशीन निदान दुपारी झोपतं.

दयाळ आता इथलाच झाला. न्हाणीघराच्या भिंतीत जुन्या नळाचं भोक आहे, त्यात घर केलंय. मादी करड्या रंगाची, साधी, कामसू. ती आत बसलेली असते आणि हा बाहेर गात असतो. पुरुषजात. दिवसभर यंत्राभोवती फेऱ्या घालतो, पिसं फुगवतो, कधी त्याच्यावर झेपही घेतो. आनंदाने वेडा झालाय. काल खिडकीच्या काचेवर येऊन आदळला, त्यात त्याला स्वतःचं रूप दिसलं असेल.

हे दिवसभर बघत असतात. दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने जेवतात. परवा माझ्याकडे बघून तोंड उघडलं, जीभ हलवली आणि पुन्हा मिटलं. आज ना उद्या बोलतील. मी त्याच आशेवर आहे.

माझं म्हणशील तर पाय जरा सुजतात. स्टुलावर चढउतार फार होते, तार उंच आहे. बाकी काही नाही.

जो लोभ आहे त्याला सध्या बॅटरी पुरते आहे. काळजी नसावी.

तुझी,
ताई


दि. १८ एप्रिल
ग्रंथालय

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायचं मी दोन दिवस टाळलं. पुस्तक मिळालं. एका बाईने आयुष्यभर दयाळ बघून लिहिलेलं आहे. त्यात आहे ते सांगते.

नर दयाळ गातो ते कोणाला बोलावण्यासाठी नाही, म्हणजे मादी मिळाल्यावर तरी नाही. ही जागा माझी आहे, दुसऱ्या कोणी इथे पाय ठेवू नये, असं तो सांगत असतो. आपण यंत्रातून त्याला दुसऱ्या नराचं गाणं ऐकवतो आहोत. त्याला वाटतं की त्याच्या दारात कोणी बलदंड गुंड येऊन बसला आहे, पहाटेपासून दम देतो आहे, आणि दिसत मात्र नाही. तुझ्या आवाजाच्या बटणामुळे तर तो गुंड हत्तीएवढा झाला असेल. ताई, तो आनंदाने वेडा झालेला नाही. तो भांडतो आहे. बारा बारा तास. पुस्तकात म्हटलंय की अशा वेळी नर खाणं सोडतो, पिल्लांना भरवायचं सोडतो, मादीवर सगळं पडतं आणि कधी कधी ती घरटं टाकून जाते.

आपण हाक समजून जे वाजवलं, ते त्याने हाकलणं म्हणून ऐकलं. एवढे शब्द चिकटवले मी जन्मभर, पण हाक आणि हाकलणे हे दोन शब्द एकाच घरचे असावेत, हे कधी लक्षात आलं नव्हतं. म्हणजे आपल्या सिस्टरसुद्धा त्या पाखराला लाडाने बोलावत नव्हत्या, त्या संध्याकाळी दाराशी उभ्या राहून त्याच्याशी भांडत होत्या. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नसेल.

चूक माझी आहे. मीच पाठवलं. यंत्र बंद कर, ताई. निदान पिल्लं उडेपर्यंत.

रागावलीस तरी लोभ पाठवायचं थांबवू नकोस.

तुझी,
बेबी


दि. २५ एप्रिल
स्वयंपाकघर

चि. बेबीस,
आशीर्वाद.

बंद करणार नाही.

तुझं पुस्तक शहाणं असेल. मलाही डोळे आहेत. दयाळ वाळलाय, छातीचं पीस गळलंय, हे मला दिसतं. पिल्लं निघाली आहेत, आतून चिवचिव येते म्हणे, शिवणवालीला ऐकू येते. मादी एकटी किडे आणते. जाते, येते, जाते, येते. ती एकटी भरवते म्हणून तुझा तिकडे जीव तुटतो. बेबी, मी आठ महिने एकटी भरवते आहे. ते कुठल्या पुस्तकात आहे का बघ.

आता एक सांगते, ते कोणाला वाचून दाखवू नकोस.

हे बोलायचे थांबले ते आजाराने नाही. दुकानातला जुना सोबती भेटायला आला होता. मी चहा आणला. हे मोठ्या हौसेने म्हणाले, चहा आली. सोबती हसला. आणि मीही हसले. वाईट मनाने नाही, त्याच्या हसण्याला साथ म्हणून, यजमानीण हसते तसं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सोबत्याकडे नाही, माझ्याकडे. त्यानंतर शब्द नाही. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने माझं एकही वाक्य मध्ये तोडलं नाही, त्याचं बोलणं मी एका हसण्याने बंद केलं.

तेव्हा तो दयाळ दमू दे. पिसं पुन्हा येतील त्याची. माझ्या माणसाने परवा माझ्याकडे बघून तोंड उघडलं होतं, ते मला पुन्हा मिटू द्यायचं नाही. त्यासाठी चार पिल्लं गेली तर जातील.

तू लांब आहेस. लांबून दया करणं सोपं असतं.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

ताई


दि. ३० एप्रिल
घरी

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि कोणालाही दाखवलं नाही.

मी लांब आहे हे खरं आहे. आईच्या वेळीही मी लांब होते आणि तेव्हाही तूच होतीस. तेव्हा तू एक अक्षर बोलली नाहीस. आज बोललीस, मला लागलं, आणि बरंही वाटलं. यंत्राचं तुझ्यावर सोडते. पुस्तक फडताळात परत ठेवलं.

हसण्याबद्दल काय लिहू? तिथे मी असते तर मीही हसले असते. तू हसलीस कारण त्या वर्षात तुला हसायला दुसरं काही मिळालं नव्हतं.

वीस तारखेला मी येते, दहा दिवस. नको म्हणालीस तरी तिकीट काढलेलं आहे. घास मी भरवीन, सांडवीन, भाऊजी माझ्यावर डोळे वटारतील. तेवढे दिवस तू फक्त ओरड.

तू लोभाचं लिहिलं नाहीस, म्हणून माझ्या वाट्याचा दोघींच्या नावाने धरला आहे.

तुझी,
बेबी


दि. ११ मे
मागची खोली, पलंगाची कड

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे राहिलेले धरून.

तुझं पत्र पोचायच्या आधीच यंत्र बंद झालं होतं. ते कसं, ते सांगते.

पंचवीसला तुला पत्र टाकलं, त्यानंतर चौथ्या दिवसाची दुपार. दयाळ पुन्हा काचेवर आदळला आणि या वेळी उडाला नाही. खिडकीच्या कठड्यावर बसला, चोच उघडी, एक पंख लोंबता. ह्यांच्यापासून हातभर अंतरावर. यंत्र तारेवर गातच होतं. तेवढ्यात बॅटरीचा दम संपायला आला, गाणं ओढल्यासारखं येऊ लागलं, म्हणून मी स्टूल घेऊन अंगणात गेले. चढले. पहिल्या पायरीवर गुडघा अडकला, तशीच तार धरून उभी राहिले. खिडकीतून बघितलं तर हे दयाळाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा दयाळाकडे. पुन्हा माझ्याकडे.

आणि बोलले. मोठ्याने, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. म्हणाले, दमली. बंद कर.

बेबी, सहा महिन्यांनी आलेला पहिला शब्द, आणि तो कोणाबद्दल आहे हे मला कळेना. दयाळ तर तो. पण ह्यांच्या तोंडी चहा ती होते, नर्स तो होतो, मग दयाळ दमली असायला काय हरकत आहे? मी यंत्र बंद केलं, आत आले आणि विचारलं की कोण, कोण दमली. हे चिडले. माणूस चिडला, हे बघून मला किती बरं वाटलं! डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर दोनदा थाप मारली.

आता दयाळाला कोणी पलंगावर बसायला सांगत नाही.

मी बसले. त्या खोलीत आठ महिन्यांत मी कामाशिवाय बसले नव्हते. ते मला तिथेच समजलं. हात मांडीवर ठेवायचे कसे, तेही आठवेना. मी म्हटलं, हो, दमले. पहिल्यांदाच म्हटलं. मग रडले, बराच वेळ. हे थापटत राहिले, अगदी बेताल, जुन्या रेडिओला थापटायचे तसं. त्या वेळात दयाळ कधी उडून गेला, ते दोघांनीही बघितलं नाही.

यंत्राचं गाणं खोटं आहे, हे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. रेडिओवाल्याला ते कुत्रं दर वेळी त्याच जागी भुंकतं हे कळणार नाही होय? मला वाटत होतं की हे गाणं ऐकताहेत. हे बघत होते ते त्याची फरफट, आणि माझी. मी इकडे जेवणाचे घास मोजून खूश होत होते.

नंतरचं सगळं गोड नाही, म्हणून तेही लिहिते. चारांतलं एक पिल्लू गेलं. शिवणवालीने भिंतीखालून उचललं आणि मला न दाखवता पुरलं, मग दोन दिवसांनी सांगितलं. ते माझ्या नावावर आहे. दयाळ तीन दिवस गायलाच नाही. मग किडे घेऊन भोकाशी यायला लागला, तेव्हा मादी एका दगडावर नुसती बसलेली दिसली, पंख पसरून, ऊन खात. उरलेली तिन्ही परवा बाहेर पडली. आता तो शिवणवालीच्या गच्चीवरून सकाळी पाव तास गातो, आपल्या मनाने. मला काही ऐकू येत नाही. हे सांगतात की गातेय.

हे दिवसातून दहा-बारा शब्द बोलतात. सगळे उलटेसुलटे. एक वेळ स्वतः जेवतात, दुसऱ्या वेळी कंटाळतात आणि भिंतीकडे वळतात. डॉक्टर म्हणाले की एवढंच होईल. मला एवढं पुरेल. काल म्हणाले, ताक कुठे गेली. मी हसले नाही. म्हटलं, ती काय, समोरच आहे.

तेव्हा बेबी, तू लिहिलंस त्या मागच्या सगळ्या पत्रांना मिळून हे एक उत्तर. रस्त्याकडची खोली रिकामी असेल तर आम्ही येतो. ह्यांना विचारलं. म्हणाले, चल. यात तो-तीची भानगड नाही, म्हणून खात्रीने लिहिते. वीसला तू ये, ओरडायची मजा एक-दोन दिवस घेते, मग बांधाबांध करू आणि तिघं मिळून निघू.

तू लांबून दया करतेस असं मी लिहिलं होतं. ते वाक्य तुझ्या खास चिकटपट्टीने झाकून टाक.

लोभाला आता एकाच घरात राहायचं आहे. भांडणासाठीही थोडी जागा ठेव.

तुझी,
ताई

ता. क. येण्याआधी हे वाचून ठेव, म्हणजे इथे वाद नको. दुकानाची हत्यारं दोन पेट्यांत आहेत, ती तंत्रशाळेला द्यायची. तारा कापायची कैची आणि जोडायचं कथील ह्यांच्या उशाशी राहील, लागो न लागो. उंच स्टूल शिवणवालीला. मागच्या दाराची किल्लीही तिलाच, कारण नळाचं भोक बुजवायला कोणी आलं तर त्याला शिव्या द्यायला माणूस हवं, आणि तिच्याइतकं तयार दुसरं कोणी नाही. नर्सबाईला माझा टेबलपंखा आणि जाळीचं कपाट. ती नको म्हणेल, दोनदा विचार. यंत्र शाळेला परत. त्यात कवायतीची गाणी भरून घ्यायला सांग. पितळी भांडी तुझी, तू घासणार असशील तर. आणि आता ह्यांची वाटणी. सकाळचा चहा तू द्यायचास. आंघोळ तुझ्याकडे जी नर्स लागेल तिला. संध्याकाळ, घास आणि कूस बदलणं माझ्याकडे. दुपारी एक ते तीन मी झोपणार आहे. ते दोन तास कोणालाही द्यायचे नाहीत, ते माझे.